कुठल्या उतारावरचं पाणी

पेर्म मागे पडून चार-पाच तास झाले होते. खिडकीबाहेर भूर्जाची झाडं, मधूनच पाइनचा काळसर पट्टा, पुन्हा भूर्ज. सप्टेंबर संपत आला होता आणि भूर्जाचं पान हळदीसारखं पिवळं झालं होतं. डब्याची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी धातूच्या नक्षीदार कडीत बसवलेला काचेचा पेला आणून दिला. त्यातला चहा गार होऊन गेला तरी मी तो उचलला नव्हता, कारण मी रुळांच्या कडेचे किलोमीटरचे आकडे वाचत होते. येकातेरिनबुर्गला वैद्यकीचं शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाचीने आदल्या रात्रीच फोनवर बजावलं होतं, "मावशी, पेर्वोउराल्स्क गेलं की उठून उभी राहा. मॉस्कोपासून १७७७ किलोमीटर. डोळ्याचं पातं लवलं तर हुकेल."

मी उभी राहिले. वेर्शिना नावाचा छोटा थांबा आहे तिथे. या शब्दाचा अर्थ शिखर, माथा. आणि झाडांच्या पुढे एक खांब आला. एका बाजूला 'युरोप', दुसऱ्या बाजूला 'आशिया'. मी तो नीट पाहीपर्यंत गेलासुद्धा. डब्यातल्या कुणी मान वर केली नाही. समोरच्या आजोबांनी उकडलेलं अंडं सोलण्याचं काम चालू ठेवलं. एका खंडातून दुसऱ्या खंडात मी आले होते आणि गाडीचा वेगही कमी झाला नव्हता.

मी चिपळूणची. डोंगर ओलांडणं म्हणजे काय ते आम्हाला अंगाने ठाऊक असतं. कुंभार्ली घाट चढताना कानाला दडे बसतात, हवा बदलते, वळणावळणाला कोकण खाली खाली जातं आणि माथ्यावर पोचलं की 'देश' सुरू होतो. मातीचा रंग, घरांची छपरं, भाकरीचं पीठ, बोलण्याचा हेल, सगळं बदलतं. इथे मात्र त्या खांबाच्या अलीकडे आणि पलीकडे तेच भूर्ज, तीच ओलसर माती आणि तशाच लाकडी कुंपणांची घरं होती. उरल पर्वत उत्तर-दक्षिण दोन हजार किलोमीटरहून लांब पसरला आहे आणि उत्तरेकडे त्याचं नरोद्नाया हे सर्वोच्च शिखर १८९५ मीटर उंच आहे. पण या मधल्या भागात तो इतका झिजला आहे की पर्वत म्हणून ओळखूच येत नाही. मग खंडाची सीमा नेमकी इथे कशी आली? त्या प्रश्नासाठीच मी एवढ्या लांब आले होते.

उत्तर शोधायचं तर आधी समुद्रावर जावं लागतं. युरोप आणि आशिया ही नावं एजियन समुद्रात वावरणाऱ्या ग्रीकांची. बोटीतून जाणाऱ्या माणसाला एका हाताला एक किनारा दिसे, दुसऱ्या हाताला दुसरा. काही वर्षांपूर्वी इस्तंबूलला फेरीबोटीच्या कठड्याशी उभी असताना मला ही नावं पहिल्यांदा खरी वाटली. बोस्फोरसची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर रुंद आहे. तिथे समोरासमोर दोन किल्ले आहेत, रुमेली हिसार आणि अनादोलू हिसार. पाणी मध्ये आहे, दोन काठ वेगळे आहेत, सीमेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. १९७३ साली पहिला पूल झाला, पुढे २०१३ साली समुद्रतळाखालून रेल्वेही गेली. तरी काठ ते काठच राहिले.

पण बोस्फोरसमधून काळ्या समुद्रात शिरलं आणि त्याच्या पलीकडच्या किनाऱ्याला लागलं की पुढे काय? पाणी संपतं आणि जमीन सलग लागते. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसलाही हाच पेच पडला होता. काहींच्या मते सीमा फासिस नदीवर होती, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या रिओनीवर. काहींच्या मते ती तानाइसवर होती, म्हणजे डॉन नदीवर. एकसंध पृथ्वीला तीन नावं का, तीही बायकांची, आणि या सीमा कुणी आखल्या, हे आपल्याला कळत नाही असं त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. जिच्यावरून युरोप हे नाव आलं म्हणतात ती युरोपा आशियातल्या टायर गावची होती आणि ग्रीक ज्याला युरोप म्हणतात त्या भूमीवर ती कधी आलीच नाही, हेही त्यानेच नोंदवलं आहे. हा प्रश्न एवढा जुना आहे आणि इतक्या प्रामाणिकपणे विचारलेला आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शेवटी डॉन टिकली. मध्ययुगापर्यंत युरोपातले नकाशे वर्तुळाकार जगात डॉन, नाईल आणि भूमध्य समुद्र अशी तीन पाणी काढून तीन खंड वेगळे करत. डॉन थेट उत्तरेकडून सरळ वाहत येते अशी जुन्या लोकांची समजूत होती. प्रत्यक्षात तिचा उगम मॉस्कोच्या थोडा दक्षिणेलाच आहे आणि ती वाकडीतिकडी वाहते. रशियाचा उत्तरेकडचा मुलूख जसजसा नकाशात येऊ लागला, तसतशी डॉनच्या उगमापुढे रेघ कुठे न्यायची ही अडचण वाढत गेली. कुणी ती सरळ पांढऱ्या समुद्रापर्यंत ओढली, कुणी आणखी पूर्वेच्या नद्यांकडे वळवली.

ही अडचण सोडवणारा एक माणूस युद्धकैदी होता. फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबेर्ग हा स्वीडनच्या सैन्यातला अधिकारी १७०९ मध्ये पोल्टावाच्या लढाईत रशियनांच्या हाती लागला आणि सैबेरियात तोबोल्स्कला पाठवला गेला. कैदेतली दहाएक वर्षं त्याने तो प्रदेश समजून घेण्यात घालवली. सुटून गेल्यावर १७३० मध्ये त्याने स्टॉकहोमला ग्रंथ आणि नकाशा प्रसिद्ध केला आणि सीमा उरलच्या कण्यावर आणून ठेवली. दुसरा माणूस वासिली तातिश्चेव. त्याला १७२० मध्ये खाणी आणि धातूचे कारखाने उभारायला उरलमध्ये धाडलं होतं, आणि येकातेरिनबुर्ग शहर वसवणाऱ्या दोघांपैकी तो एक. उरलची कल्पना आपणच त्या स्वीडिश माणसाला सुचवली, असं तातिश्चेव पुढे म्हणाला. श्रेय कुणाचं यात मला फारसा रस नाही. तातिश्चेवने दिलेली कारणं मात्र मला मोलाची वाटतात. उरलच्या दोन अंगांना वाहणाऱ्या नद्या वेगळ्या, त्यांतले मासे वेगळे, काठची झाडंही वेगळी, असं त्याचं म्हणणं होतं. आजही पाहिलं तर युरोपात सगळीकडे दिसणारा ओक उरलच्या पलीकडे पश्चिम सैबेरियात आपणहून उगवत नाही.

यामागे राजकारण होतंच. झार पीटरने १७२१ मध्ये स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं होतं आणि रशिया हे युरोपीय राष्ट्र आहे हे त्याला जगाला दाखवायचं होतं. सीमा डॉनवर ठेवली तर व्होल्गाच्या काठचा रशियाही आशियात जाई. उरलवर ठेवली की मॉस्को, कझान, सगळा जुना रशिया युरोपात येई आणि सैबेरिया इतर युरोपीय राष्ट्रांच्या समुद्रापलीकडच्या वसाहतींसारखा वेगळा काढता येई. तरीसुद्धा रेघ कुठून न्यायची हे ठरवताना त्या खाणीवाल्या माणसाने नद्या पाहिल्या, मासे पाहिले, झाडं पाहिली, याबद्दल मला आदर वाटतो. त्याच्या आधी दोन हजार वर्षं सीमा म्हणजे नदी होती, पाण्याची रेघ. तातिश्चेवने ती पाणी जिथे दुभंगतं तिथे नेली.

सह्याद्रीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाच्या एकाच सरीतला एक थेंब पश्चिमेला घरंगळला तर संध्याकाळपर्यंत खाडीत पोचतो. दुसरा पूर्वेला गेला तर कृष्णेबरोबर अख्खं दख्खन पार करून बंगालच्या उपसागराला मिळतो. इथेही तसंच आहे. खांबाच्या पश्चिमेचं पाणी कामा आणि व्होल्गामधून कॅस्पियनला जातं. पूर्वेचं पाणी इसेत, तोबोल, इर्तिश, ओब असं करत आर्क्टिकमधल्या कारा समुद्राला जातं. आपल्याकडे पूजेच्या संकल्पात गोदावरीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत हे सांगावं लागतं. माणसाने आपली जागा पाण्यावरून सांगावी, ही रीत मला त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या आठवत होती.

स्टेशनवर भाची आली होती. येकातेरिनबुर्गचं घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे. मॉस्कोत अडीच तासांचा फरक होता, तो इथे येईपर्यंत विरघळला. "आईला आता अवेळी फोन जात नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला प्लोतिंका दाखवलं. इसेत नदीवरचा हा जुना बांध. १७२३ मध्ये लोखंडाच्या कारखान्यासाठी तो बांधला आणि त्याच्याभोवती शहर वाढलं. जवळच तातिश्चेव आणि त्याचा सहकारी द गेनिन असे दोघे शेजारी शेजारी पुतळ्यात उभे आहेत. मी थोडा वेळ तिथे थांबले. मग आम्ही टॅक्सी करून पश्चिमेकडे, म्हणजे परत युरोपाकडे निघालो.

बेऱ्योझोवाया गोरा, म्हणजे भूर्जाची टेकडी, पेर्वोउराल्स्कजवळ जुन्या सैबेरियन हमरस्त्यावर आहे. उंची ४१३ मीटर. येकातेरिनबुर्गच मुळात समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर असल्यामुळे चढ जाणवत नाही. १८३७ साली युवराज अलेक्सांदर, म्हणजे पुढे ज्याने भूदासांना मुक्त केलं तो दुसरा अलेक्सांदर, या वाटेने आला, तेव्हा त्याच्या स्वागतासाठी इथे लाकडी स्तंभ उभारला होता. पुढे १८७३ मध्ये संगमरवरी झाला. क्रांतीनंतर तो पाडला गेला, १९२६ मध्ये ग्रॅनाइटचा आला. आता तिथे २००८ पासून तांबूस ग्रॅनाइटचा ३० मीटर उंच स्तंभ आहे आणि त्याच्या टोकावर दुतोंडी गरुड. राजवट बदलली तसा दगड बदलला, पण प्रत्येक राजवटीला इथे दगड हवाच होता.

आम्ही पोचलो तेव्हा एक नवं जोडपं वऱ्हाडासह आलं होतं. नवरीच्या पांढऱ्या झग्याला पिवळी पानं चिकटली होती. दोघांनी एकेक पाय रेघेच्या एकेका बाजूला ठेवला, फोटो निघाले, रंगीत फित झाडाला बांधून झाली. आसपासच्या फांद्या अशा फितींनी भरलेल्या होत्या. जन्मभराच्या गोष्टीची सुरुवात दोन खंडांच्या साक्षीने करावी असं त्या मुलांना वाटतं, हे मला फार आवडलं.

आमचे टॅक्सीवाले काका साठीचे होते आणि त्यांना बोलायला आवडत होतं. मी भाचीला म्हटलं, "विचार ना त्यांना, यांच्या शाळेत खंड किती शिकवतात?" तिने विचारलं. काकांनी उलट विचारलं, "कोणते? मतेरीक की चास्त स्वेता?" मग स्टिअरिंगवरचा एक हात सोडून त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. रशियन भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. 'मतेरीक' म्हणजे समुद्राने वेढलेला जमिनीचा सलग मोठा तुकडा. ते सहा, आणि त्यात युरेशिया एकच. 'चास्त स्वेता' म्हणजे जगाचा भाग. तेही सहाच, पण तिथे युरोप आणि आशिया वेगळे होतात आणि दोन्ही अमेरिका मिळून एक होते. "मतेरीक निसर्गाने केला, जगाचे भाग माणसांनी," भाचीने त्यांचं वाक्य मराठीत सांगितलं.

मी गप्प झाले. आम्ही दोन्हीला 'खंड'च म्हणतो आणि म्हणून लहानपणापासून गोंधळात असतो. सात खंड पाठ करून आलेल्या मला कळत नसे की ऑलिंपिकची कडी पाचच का. लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत अमेरिका हा एकच खंड शिकवतात. उत्तर आणि दक्षिण अमेरिका वेगळ्या मानल्या तरी त्या पनामाच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेल्या आहेत, आणि आफ्रिका-आशियामधली सीमा जिच्यावर दाखवतात तो सुएझचा कालवा तर १८६९ मध्ये माणसांनीच खणून पुरा केला. दोन शब्द असते तर यातला निम्मा घोळ झाला नसता.

आणि खडकाला विचारलं तर तो तिसरंच उत्तर देतो. साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी इथे खरोखरच दोन भूखंड एकमेकांवर आदळले, मधला समुद्र नाहीसा झाला आणि त्या टकरीतून उरल वर आला. म्हणजे मी उभी होते ती जागा एका जुन्या जखमेचा भरून आलेला व्रण आहे. आज या व्रणाच्या दोन्ही बाजू एकाच युरेशियन भूपट्टाचा भाग आहेत, त्यांच्यात कसलीही हालचाल नाही. भूपट्टांच्या सीमा दुसरीकडेच आहेत. आइसलँडमध्ये थिंगवेल्लिरला युरेशियन आणि उत्तर अमेरिकी भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटरने एकमेकांपासून दूर जातात, तरी आइसलँड पूर्ण युरोपात मोजतात. उलट आपला भारतीय भूपट्ट स्वतंत्र आहे, तो आजही आशियाला रेटतो आहे, त्या रेट्याने हिमालय उभा राहिला, आणि आपल्याला मात्र उपखंड म्हणतात. खडकाच्या न्यायाने खंड म्हणवून घेण्याचा अधिकार युरोपपेक्षा भारताचा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच हमरस्त्याने सैबेरियात हद्दपार केलेले लोक चालत गेले. मला वाटत होतं की त्यांचा निरोपाचा क्षण या टेकडीवर आला असेल. पण जॉर्ज केनन या अमेरिकन पत्रकाराने १८८५ मध्ये हा प्रवास करून जे लिहून ठेवलं आहे त्यात तो क्षण कितीतरी पुढे येतो, येकातेरिनबुर्ग आणि त्युमेन यांच्या दरम्यान, पेर्म आणि तोबोल्स्क प्रांतांच्या हद्दीवरच्या विटांच्या एका खांबापाशी. पेर्म प्रांत उरलच्या दोन्ही अंगांना पसरलेला होता. खंडाची सीमा मागे राहिली तरी सैबेरिया कागदोपत्री त्या खांबापासून सुरू होई. तिथे कैद्यांना थांबू देत. माणसं खांबाला मिठी मारत, जमिनीला कपाळ टेकवत, चिमूटभर माती बांधून घेत. बायका-मुलंही त्यांत असत. भूगोलाच्या पुस्तकात त्या खांबाला जागा नाही. ज्यांच्या पायांत बेड्या होत्या त्यांच्यासाठी मात्र आपलं जग संपण्याची जागा तीच होती. परतीच्या वाटेवर मी बराच वेळ बोलले नाही.

उरलच्या दक्षिणेला ही रेघ पुन्हा भांडणात सापडते. कुणी ती उरल नदीवरून कॅस्पियनपर्यंत नेतात. ओरेनबुर्गच्या पादचारी पुलावर आणि कझाकस्तानातल्या अतिराउच्या पुलावर म्हणूनच दोन खंडांची नावं वाचायला मिळतात. या नदीचं मूळ नाव याइक. पुगाचोव या कोसॅकाचं बंड मोडल्यावर १७७५ मध्ये सम्राज्ञी कॅथरीनने त्या बंडाची आठवणच पुसायला नाव बदलून उरल केलं. सोव्हिएत भूगोलज्ञांनी १९५८ मध्ये सीमा उरलच्या पूर्व पायथ्याने आणि एम्बा नदीने न्यावी आणि पुढे कॉकेससच्या उत्तरेकडच्या कुमा-मानिच खोलगटीतून अझोव्ह समुद्राकडे न्यावी असं ठरवलं. पश्चिमेतले बरेच जण ती कॉकेससच्या मुख्य रांगेवरून नेतात. यात एल्ब्रुस कुठे जातो हा प्रश्न गिर्यारोहकांसाठी जिव्हाळ्याचा आहे. ५६४२ मीटरचा एल्ब्रुस युरोपात धरला तर सात खंडांची सात शिखरं सर करणाऱ्यांना, आपल्या मराठी मुलामुलींनाही, तिथे जावं लागतं. आशियात धरला तर युरोपचा मान ४८०० मीटरच्या मों ब्लांकडे जातो. इथले दगड मात्र १९५८ नंतरही पूर्व पायथ्याला हलले नाहीत. ते पाण्याच्या वाटणीच्या जागेवरच आहेत.

शहराच्या वेशीजवळ, १७व्या किलोमीटरला, २००४ मध्ये उभारलेला आणखी एक स्तंभ आहे. त्याच्या पायात दोन दगड बसवले आहेत. एक पोर्तुगालच्या रोका भूशिरावरचा, युरोपच्या मुख्यभूमीचं पश्चिम टोक. दुसरा देझ्न्योव्ह भूशिरावरचा, आशियाच्या मुख्यभूमीचं पूर्व टोक. मी खाली वाकून दोन्हींना हात लावला.

पण मला सर्वांत जास्त पाहायची होती ती चुसोवाया नदी. काकांनी पेर्वोउराल्स्कजवळ गाडी थांबवली आणि आम्ही काठावर उतरलो. पाणी काळसर, संथ, त्यावर पिवळी पानं तरंगत होती. ही नदी उरलच्या कण्याच्या पूर्वेला उगम पावते, मग तो कणा कापून पश्चिमेला येते आणि कामाला मिळते. कण्यावरून सीमा मोजली तर ती आशियात जन्मते. पाण्यावरून मोजली तर तिचा थेंबन् थेंब पहिल्यापासून युरोपचा, कारण तो कॅस्पियनलाच जायचा. पर्वताचा कणा आणि पाण्याची वाटणी एकच असतात असं आपण धरून चालतो. चुसोवाया ते मानत नाही. येर्माकचे कोसॅक सोळाव्या शतकात सैबेरियावर चालून गेले ते याच नदीच्या प्रवाहाविरुद्ध होड्या वल्हवत.

"हेच पाणी आपण पितो," भाची म्हणाली. मला आधी कळलं नाही. मग तिने आणि काकांनी मिळून सांगितलं. येकातेरिनबुर्गला इसेतचं पाणी पुरत नाही. चुसोवायावर वोल्चिखा नावाचा जलाशय बांधला आहे आणि शहराला लागणारं बरंचसं पाणी तिथून आणतात. म्हणजे कॅस्पियनला जाणारं पाणी सीमेच्या पूर्वेला नेलं जातं, तिथल्या घरांतून, पातेल्यांतून, बादल्यांतून फिरतं, आणि शेवटी इसेतमधून आर्क्टिककडे जातं.

माझ्या डोळ्यांपुढे पोफळीचं वीजकेंद्र आलं. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी, पूर्वेच्या समुद्राकडे निघालेली नदी. तिला धरणात अडवून, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पाणी पश्चिमेला सोडलं. वीज तयार झाल्यावर उरलेलं अवजल आमच्या वाशिष्ठीत येतं. आसपासचे ओढे भर उन्हाळ्यात आटतात, वाशिष्ठी मात्र वाहती असते. आम्ही तिच्यात पोहायला शिकलो ते देशावरच्या पाण्यात.

संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाचीने नळाखाली किटली धरली, भरली आणि चहा टाकला. तेवढ्यात चिपळूणहून ताईचा फोन आला. लेकीची चौकशी झाली, थंडीची झाली. मग तिने नेहमीचं विचारलं, "आणि पाणी? तिथलं पाणी मानवतंय ना तुला?"

"मानवतंय ग," मी म्हटलं. "आपल्या वाशिष्ठीसारखंच आहे. डोंगराच्या त्या अंगाचं."